ज्यानं ब्रेक केला त्यानं शेजारी बसायचं

हरी,

तुझ्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठी मी खोटं बोललो. पन्नासेक माणसं होती. पिंड ठेवून झालं होतं, सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते, आणि तुझ्या गावातल्या कुणीतरी मला विचारलं, "मिस्तरी, ब्रेक तर तुमीच केलेले ना? मंग झालं कसं?" मी लगेच म्हणालो, "ब्रेकला काय झालेलं नाय. उतारावर न्यूट्रल मारायचा तो. शंभरदा सांगितलं, ऐकला नाय." सगळ्यांनी माना हलवल्या. तुझी सविता पायरीवर बसली होती, तिनं खाली बघितलं. तेवढ्यात कावळा शिवला. लोक म्हणाले, चला, इच्छा काय राहिलेली नाय. कावळ्याला काय कळतंय डोंबल!

उद्या तुझा महिना भरतो. तीच माणसं तुझ्या ओटीवर जमणार आहेत आणि त्यांच्यासमोर मला परत तोंड उघडायचंय. माझं तोंड कसं आहे ते तुला माहीत आहे. दोन वाक्यांत आवाज चढतो आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून हे लिहून काढतोय. आज गॅरेजचं शटर अर्धंच वर केलंय आणि वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसलोय. गिऱ्हाईक आलं तर परत पाठवतोय. उद्या काय बोलणार ते आधी तुला कळायला पाहिजे, कारण ते तुझ्याबद्दल आहे आणि तुला उत्तर देता येणार नाही. एवढ्या वर्षांत तू मला उत्तर दिलं नाहीस असं कधी झालं नव्हतं.

तुझी-माझी गाठच मुळी कानापासून सुरू झाली. माझ्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून कानपिळीचा मान तुझा. मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं तुला, पण माझा उजवा कान असा पिरगळलास की डोळ्यांत पाणी आलं. आणि वर म्हणालास, "भावजी, ताईचं ऐकायचं. आनि तिचं पटलं नाय तर माझं ऐकायचं." सगळा मांडव हसला. मला राग आला होता. पण बावीस वर्षं तो कान तुझ्याकडंच राहिला, कारण पुढं तू गाडी घेतलीस आणि माझं पोट गाड्यांच्या आवाजावर. आधी ती जुनी जीप, मग पांढरी व्हॅन. सकाळी साजगावच्या कारखान्यात माणसं सोडायची, संध्याकाळी आणायची, मधल्या वेळात कर्जत म्हणू नको, खोपोली म्हणू नको, घाटावरचं भाडं मिळालं तर तेही.

गाडी बिघडली की माणसं माझ्याकडं येतात आणि म्हणतात, "आवाज येतोय." अरे बाबा, कसला? "येतोय कायतरी." संपलं. तू तसा नव्हतास. तू गॅरेजच्या मधोमध उभा राहून अख्खी गाडी तोंडानं वाजवून दाखवायचास. वळताना पुढच्या चाकातून आवाज येतो हे सांगायला तू स्वतः गोल फिरायचास, एका अंगावर कलून, टक-टक-टक करत. मी टायरवर बसून हसायचो आणि मनात म्हणायचो, एक्सलचा जॉइंट गेला. चाकाचं बेअरिंग गेलं तेव्हा तू फोनवर चाळीसचा हूंऽऽ वेगळा काढलास आणि साठचा वेगळा. बाजूला बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, कुणाकडं तरी मयत झालंय.

पण तुझी खरी हुशारी आवाजात नव्हती. बिघाड काय आहे ते सांगायच्या आधी तू तो कधी होतो ते सांगायचास. एका वर्षी व्हॅन तापायला लागली, काटा वर चढायचा. मी बोनेट उघडलं आणि छाती फुगवून म्हणालो, हेड खोलावं लागणार. तू म्हणालास, "भावजी, उभा ऱ्हायलो की चढतोय. टोलनाक्याच्या गर्दीत चढतोय. पळायला लागलो की आपोआप उतरतोय." मी म्हणालो, तू मला शिकवू नको. तू चहा प्यालास. मग मी बघितलं तर रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. पळताना वारा लागायचा, उभं राहिल्यावर कुठला लागणार? फ्यूज उडालेला, नखाएवढा. मी इंजिन खोलायला निघालो होतो. तू एका शब्दानंही चिडवलं नाहीस. फक्त जाताना माझा कान धरल्यासारखं केलंस.

आणि साजगावच्या फाटकापाशी पहाटपाळीची माणसं गाडीत बसलेली, चावी फिरवली की नुसतं कट-कट-कट. मला फोन. मी म्हणालो, बॅटरीच्या टोकांवर पांढरा भुगा आलाय का बघ, गरम पाणी ओत. तिथं गरम पाणी कुठलं मिळायला! तू टपरीवाल्याचा उरलेला चहा ओतलास आणि गाडी सुरू करून निघालास. त्या आठवड्यात तुझ्या बोनेटवर माश्या बसायच्या. तुझ्या ताईला, सुमनला, अजून ते आठवलं की हसू येतं. म्हणजे यायचं.

नियमही तूच काढलास. जीप असतानाची गोष्ट. मी तिचे ब्रेक केले आणि जेवायला घरी गेलो. तू निघालास, तर पहिल्याच गतिरोधकाला पाय खाली आणि गाडी पुढं. मागच्या चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायचा निपल मी नीट आवळला नव्हता, ब्रेकचं तेल सगळं गळून गेलेलं. हँडब्रेकवर गाडी हळूहळू परत आणलीस. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. तू म्हणालास, "भावजी, आजपासनं एक करायचं. ज्यानं ब्रेक केला त्यानं शेजारी बसायचं. पयल्या उताराला." बस, एवढंच. तेव्हापासून तुझ्या गाडीला ब्रेकचं काम झालं की आपण दोघं जुन्या रस्त्यानं घाट चढायचो, वरून वळवायचो, आणि मी शेजारी बसून उतरायचो. मधे हिरूबाईच्या कणसांच्या शेगडीपाशी थांबायचो. ठाकुरवाडीची हिरूबाई. ती मला बघितलं की ओरडायची, "आलं गं आज दोगं, म्हंजे बिरेक केलं." नंतर मी हा नियम सगळ्याच गिऱ्हाइकांना लावला. लोकांना वाटायचं मिस्त्री किती जबाबदार. शहाणपण तुझं, आणि नाव माझं झालं.

आपलं भांडण फक्त एकच होतं, न्यूट्रलचं. घाट उतरताना तू गिअर काढायचास आणि गाडी मोकळी सोडायचास. मी म्हणायचो, अरे गाढवा, गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात. तू म्हणायचास, "उतारावर गाडी देव चालवतो. मी कशाला पेट्रोल जाळू?" इथला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो. दहा वर्षं आपण हेच बोललो, तेच शब्द, त्याच जागा. तुझी ताई म्हणायची, तुम्हा दोघांची कॅसेट लावून ठेवा आणि जेवायला या.

आता आपल्या शेवटच्या भेटीचं लिहितो. इथपर्यंत सोपं होतं.

तू आलास तेव्हा पाऊस नुकता ओसरला होता. तू गेलास त्याच्या आठ दिवस आधी. तू म्हणालास, "भावजी, पेडल मऊ लागतंय. वल्या पिठावर पाय दिल्यासारखं. पन सकाळी बरं असतंय. घाट उतरून खाली आलो कीच मऊ लागतंय."

हरी, तू मला सगळं सांगितलं होतंस. काय होतंय ते आणि कधी होतंय तेही. कुठल्याही मिस्त्रीला यापेक्षा जास्त कुणी सांगू शकत नाही. सकाळी थंड असताना कडक आणि घाट उतरून तापल्यावर मऊ, म्हणजे तेलात पाणी मुरलंय. ब्रेक ऑइलचा गुणच असा आहे की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मुरलेलं तेल लवकर उकळतं, पाइपात वाफ धरते, आणि वाफ पायाखाली नुसती दबते, जोर चाकापर्यंत पोचतच नाही. हे मला येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण मी ऐकलं काय? "घाट उतरून" एवढंच. आणि माझी कॅसेट सुरू झाली. न्यूट्रल मारशील तर पेडल मऊ नाही होणार तर काय होणार? तू परत म्हणालास, "तसं नाय भावजी, ऐका तरी." मी ऐकलं नाही.

मी धरून चाललो की ब्रेकच्या पाइपात हवा गेली आहे. लायनर बदलले आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. हवा काढताना जुनं तेल बाहेर पडतं आणि नवं आत जातं. ते नवं तेल मी कुठलं घातलं? फळीवरच्या डब्यातलं. जूनमध्ये फोडलेला डबा, झाकण हरवलेलं, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर. आपल्याकडचा पावसाळा तुला सांगायला नको. मिठाची बरणी पाण्यानं भरते, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या पँटला बुरशी येते. त्या हवेत चार महिने तो डबा उभा होता, आणि मी ते तेल तुझ्या चारही चाकांत फिरवलं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांना तेच घालत होतो, कुणाला काही झालं नव्हतं. पण तू घाटावर जाणार होतास.

पेडल दाबून बघितलं, कडक. थंड तेल कडकच लागतं. तू गाडी सुरू केलीस, डावीकडचं दार उघडून धरलंस आणि म्हणालास, "चला, हिरूबायकडं." मी हात पुसत होतो. म्हणालो, "न्यूट्रल सोडणार का ते सांग आधी." तू हसलास. तुझं ते हसू. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मग मर जा कुठंतरी." आणि पाठ फिरवली.

दार थोडा वेळ उघडंच होतं. मी आरशात बघत होतो, समोर एका गाडीचा सुटा आरसा टांगलेला होता त्यात. मग तू आडवा होऊन डावीकडचं दार स्वतःच ओढून घेतलंस आणि गेलास. माझा तुझ्याशी शेवटचा शब्द तो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या ताईलासुद्धा नाही. उद्या वाचेन तेव्हा तिलाही कळेल.

आठव्या दिवशी तू घाटावरून बटाट्याची पोती घेऊन उतरत होतास. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मला फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मी पोचलो तर रस्ताभर बटाटे. माणसं गाड्या थांबवून ते बाजूला सारत होती, पायानं. तुला आधीच नेलं होतं. डावीकडं दरी होती म्हणून तू रस्ता ओलांडून गाडी उजवीकडच्या डोंगराला घातलीस. उजवी बाजू पार आत गेली होती. डावी तशीच होती. शेजारच्या सीटला काही म्हणजे काही झालं नव्हतं. दाराची काचसुद्धा फुटली नव्हती आणि पायाशी माझं जुनं हात पुसायचं फडकं पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. मोडलेल्या गाडीत वाकून त्यांनी पेडल हातानं दाबलं. कडक. म्हणाले, ब्रेक व्यवस्थित आहेत. हरी, तेव्हा मला बरं वाटलं. तुझं शरीर अजून घरी आलं नव्हतं आणि मला बरं वाटलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी जबाब दिला की चालकाला उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी चालवायची सवय होती. सही केली. तेच दहाव्याला नदीवर बोललो. तुझं नाव हरिश्चंद्र ठेवलं तुझ्या आईनं, आणि तुझ्यावर खोटं घालणारा मी, तिचा जावई.

दहावा झाल्यावर नारळ फोडायला मी घाटात गेलो. हिरूबाई तिथंच होती. शेगडी विझलेली, कणसांचा हंगामही सरत आलेला. मला बघून ओरडली नाही. म्हणाली, "मिस्तरी, तुमी या बारीला आलात नाय."

मी म्हणालो, "कधी?"

"बिरेक केलंत तवा. दोगं येता ना दर बारीला. यो एकलाच आला. मी इचारलं, भावजी कुटं? तर म्हनला, रागावलाय."

मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या लोकांनी ते ऐकायलाच पाहिजे. ती म्हणाली, "आदी तेची गाडी गुपचूप यायची. आवाजच नाय. एकदम अंगावर येयाची म्हून मी हॉर्नकडं कान लावून बसायची. पन त्या आट दिसांत गाडी घुरघुरत उतरायची. मी म्हनलं, गाडी आजारी हाय का रं? तर म्हनतो, नाय गं मावशी, गेरमध्ये हाय. भावजी म्हनतो तसंच उतारनार आता. यकदा तेनला शेजारी बसवून दाखवनार हाय."

मी विचारलं, "आणि त्या दिवशी?"

"त्या दिशीपन घुरघुरतच आली. पुढं टरक हळूहळू चाललेला, तेच्यामागं. मंग यकदम हॉर्न, हॉर्न, आनि हात बाहेर काढून सरका सरका करत ग्येला. मिस्तरी, तेच्या पायाखाली कायबी ऱ्हायलं नवतं."

त्या बाईनं उभ्या आयुष्यात बोनेट उघडलेलं नाही. शेगडीमागं बसून तिनं गाडीचा रोग सांगितला, पोत्यांचं वजन, पुढं ट्रक, सारखा ब्रेक दाबून उकळलेलं तेल, आणि मी तीस वर्षं हातात पाना धरून नदीवर काय बोललो?

नारळ फोडायचं राहूनच गेलं. तसाच खाली आलो. ठाण्याच्या आवारात व्हॅन उभी होती. ओळखीच्या हवालदाराला विचारून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि इंजेक्शनच्या सुईनं थोडं तेल ओढून घेतलं. घरी आलो, नवा सीलबंद डबा आणलेला तो फोडला. कढईत वाळू घातली, वाळूत दोन वाट्या रोवल्या. एकीत तुझ्या गाडीतलं, दुसरीत नवं. खिडक्या उघडल्या आणि खाली गॅस लावला. दुपारची वेळ होती. तुझी ताई तांदूळ निवडता निवडता उठून आली.

"काय शिजवताय?"

मी आच वाढवली. ती उभी राहिली. थोड्या वेळानं एका वाटीच्या तळाशी बुडबुडे धरायला लागले. मग ती वाटी खदखदायला लागली. दुसरी तशीच शांत, डोळ्यासारखी स्वच्छ.

"उकळलं ते कुठलं?"

"हरीच्या गाडीतलं."

"ते कोणी घातलेलं?"

"मी."

सुमन बाईमाणूस, गाडीतलं तिला काय कळतंय, असं मी आयुष्यभर धरून चाललो. तिनं विचारलं, "मग साहेबांनी दाबलं तेव्हा कडक कसं लागलं?" मी सांगितलं, गार झालं की वाफ परत तेलात जिरते. घाटात पेडल जमिनीला टेकलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी कडकच लागणार. म्हणून तपासणीत काही सापडलं नाही. सापडणार नाही हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल, मला माहीत नाही.

तिनं गॅस बंद केला. वाट्या फडक्यानं धरून मागच्या दारी नेऊन ठेवल्या. परत आली, ओट्याला पाठ लावून उभी राहिली. रडली नाही. तू गेल्यापासून रोज रडत होती, त्या दिवशी रडली नाही. म्हणाली, "सविताला तुम्ही सांगता का मी सांगू?"

मीच गेलो. चार दिवस लागले मला जायला, ते धर. तुझ्या दारात सविता सूप घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, डबा, पिशवी, रबर, वाट्या, हिरूबाई, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "भावजी, मी रोज तेंच्याशी भांडत होते. फोटोसमोर उभी ऱ्हाऊन. म्हनायची, चार पैशांच्या पेट्रोलसाटी आमाला टाकून गेलात. लाज नाय वाटली? रोज सकाळी. हार घालायचं सोडून दिलं मी. मेल्या मानसाशी भांडले मी, आनि तेची काय चूक नवती."

मी म्हणालो, "सविता, मला..."

"मला सांगून काय व्हनार? पन्नास मानसांत बोललात. तेवढ्याच मानसांत परत बोला. महिन्याला सगळे येनार हायेत."

तिनं चहा विचारला नाही. मी मागितलाही नसता. निघताना बघितलं, ती आत जाऊन तुझ्या फोटोसमोर उभी होती. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही.

ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. लिहून घेणारा म्हणाला, "मिस्त्री, प्रकरण मिटलेलं आहे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?" मी म्हणालो, लिहा. त्यानं लिहिलं. आता पुढं जे होईल ते होईल. तो डबा मी चेपून फेकून दिला, पण त्याची फळीवरची जागा मोकळी ठेवली आहे. रोज नजर जाते. गिऱ्हाईक आलं की मी आता आधी विचारतो, कधी होतंय? माणसं सांगायला लागतात आणि मी हात थांबवून ऐकतो. ऐकताना तुझा आवाज येतो, ऐका तरी. त्या दिवशी कामाला हात लागत नाही.

लोकांना वाटेल, दोष वाटून घेण्यासारखा आहे. दहा वर्षं न्यूट्रल मारलंस ते काही खोटं नाही. माझ्याही मनात ते येतं. येतं आणि मी त्याला धरून बसतो, मग हिरूबाईचं वाक्य आठवतं. तू दहा वर्षांची सवय आठ दिवसांत सोडलीस, कारण मी रागावलो होतो. ते मला सांगायलासुद्धा आला नाहीस. शेजारी बसवून दाखवणार होतास. अरे मूर्खा, एक फोन करायचास. मी आलो असतो. मी तुझी वाटच बघत होतो, फक्त आधी बोलायचं कुणी एवढाच प्रश्न होता आणि तो मी माझ्या स्वभावाप्रमाणं तुझ्यावर सोडला होता. मी शेजारी असतो तर हिरूबाईच्या आधीच्या वळणावर तू म्हणाला असतास, भावजी, मऊ लागतंय. आपण गाडी उभी केली असती, तेल गार होईतो कणसं खाल्ली असती. एवढंच व्हायला पाहिजे होतं.

सुमन माझ्याशी बोलते. भात वाढू का, दूधवाला आला होता, असं. कानपिळीचा फोटो भिंतीवर होता तो तिनं काढून ट्रंकेत ठेवला. मी का म्हणून विचारलं नाही.

माफी मागणार नाही, हरी. मागायची तर तू समोर पाहिजेस, हसणारा. उद्या ओटीवर तुझा फोटो पाटावर ठेवतील. मला कुणी म्हणेल, मिस्तरी, मधे उभं राहून बोला. मी उभा राहणार नाही. मी सविताला विचारून ठेवलंय, ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मी तुझ्या डाव्या बाजूला, तुला लागून बसणार आहे. तिथं बसून हे सगळं वाचणार, "मर जा" सुद्धा.

तिथं बसलं की माझा उजवा कान तुझ्या बाजूला येतो.